शिक्षक व्हायचं का, हे ठरवायला वर्ग हवा: बोल्डरच्या लर्निंग असिस्टंट अभ्यासक्रमाचं प्रकरण

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आवारात २००३ साली एक नवी व्यवस्था सुरू झाली. विज्ञानाच्या सुरुवातीच्या मोठ्या वर्गांत मदतीला पदवीचेच विद्यार्थी घ्यायचे, त्यांना मानधन द्यायचं आणि त्याच सत्रात त्यांच्याकडून शिक्षणशास्त्राचा एक अभ्यासक्रमही करून घ्यायचा. या विद्यार्थ्यांना 'लर्निंग असिस्टंट' म्हणतात. पुढे हे प्रारूप अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही अनेक संस्थांनी उचललं. भावी शिक्षक आणि विद्यार्थी-नेते यांच्यासाठी महाविद्यालयात नेमकं काय शिकवावं, कुठे शिकवावं आणि केव्हा, या प्रश्नाला हात घालणारं इतकं स्पष्ट प्रकरण दुसरं क्वचितच सापडेल. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती वीण. विषयाचा आशय, अध्यापनशास्त्र आणि समोर बसलेला खराखुरा गोंधळलेला विद्यार्थी, हे तिन्ही एकाच आठवड्यात भेटतात. यातला एक धागा काढला की उरलेले दोन लवकरच नावापुरते राहतात.

पार्श्वभूमी

अडचणी दोन होत्या आणि त्या वेगवेगळ्या खोल्यांत चर्चिल्या जात होत्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला त्या विषयाची पदवी असलेले शिक्षक मिळत नाहीत, ही शिक्षणशास्त्र विभागाची चिंता. शेकडो विद्यार्थ्यांच्या व्याख्यानवर्गात मुलं सूत्रं पाठ करतात पण संकल्पना समजत नाहीत, ही भौतिकशास्त्र विभागाची.

या दोन्ही चिंता एकाच जागी उगम पावतात, हे ओळखणं ही या प्रकरणातली पहिली महत्त्वाची गोष्ट. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली दाखवून दिलं होतं की शालेय शिक्षण संपेपर्यंत एका विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेलं असतं. शिकवणं म्हणजे काय, याची कल्पना तिथेच पक्की होते. त्यावर महाविद्यालयातली व्याख्यानं आणखी एक थर चढवतात. फळ्यासमोर उभं राहून ओघवतं बोलणं म्हणजे उत्तम अध्यापन, असं चार वर्षं पाहिलेला पदवीधर पुढे शाळेत जाऊन वेगळं काही करेल ही अपेक्षा ठेवायची कशाच्या जोरावर? आणि ज्याला ते व्याख्यान रुक्ष वाटलं, त्या हुशार विद्यार्थ्याला शिक्षक व्हावंसं वाटायचं तरी का?

शिक्षणशास्त्र विभागातल्या व्हॅलरी ओटेरो, भौतिकशास्त्र विभागातले स्टीव्हन पोलॉक आणि नोआ फिंकलस्टाइन, तसंच खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड मॅक्रे यांनी २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात हाच प्रश्न विचारला: विज्ञानाचे शिक्षक घडवण्याची जबाबदारी कोणाची? त्यांचं म्हणणं होतं की ती एकट्या शिक्षणशास्त्र विभागाची असू शकत नाही. आशय जिथे शिकवला जातो त्या विभागाने ती उचलायला हवी. लेखकांची नावं दोन्ही बाजूंची आहेत, आणि मला हे लेखातल्या युक्तिवादाइतकंच बोलकं वाटतं.

आठवड्याची घडी

असिस्टंट म्हणून निवड होते ती, ज्यात मदत करायची तो पाठ्यक्रम नुकताच चांगल्या रीतीने पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांची. शिक्षक व्हायचंच आहे अशी अट नसते, आणि ही अट नसणं फार शहाणपणाचं आहे, त्याकडे पुढे येतो. सुरुवातीच्या काळात एका सत्राला सुमारे १५०० डॉलर मानधन आणि आठवड्याला सुमारे दहा तासांचं काम, असं स्वरूप होतं.

या दहा तासांत तीन प्रकारची कामं येतात. विषयाच्या प्राध्यापकांबरोबर साप्ताहिक बैठक, जिथे पुढच्या आठवड्यातला आशय असिस्टंट स्वतः सोडवून पाहतात आणि विद्यार्थी कुठे अडतील याची चर्चा होते. मग प्रत्यक्ष वर्ग, म्हणजे तीन-चार जणांच्या गटांत बसलेले विद्यार्थी, त्यांच्यासमोर कृतिपत्रिका, आणि गटागटांतून फिरणारा असिस्टंट. आणि पहिल्या सत्रातल्या असिस्टंटसाठी शिक्षणशास्त्र विभागातला साप्ताहिक परिसंवाद. तिथे वाचन असतं, चर्चा असते, आणि आपल्या वर्गात त्या आठवड्यात काय घडलं यावर लेखी चिंतन असतं. गुण देणं, उत्तरपत्रिका तपासणं हे त्यांचं काम नाही.

भौतिकशास्त्रात वापरलेल्या कृतिपत्रिका वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडर्मट, पीटर शॅफर आणि त्यांच्या गटाने तयार केलेल्या. त्या निवडण्यामागे कारण होतं. त्या वर्षानुवर्षांच्या संशोधनातून घडलेल्या आहेत आणि त्यात उत्तरं कुठेच दिलेली नाहीत. गटाला वाद घालूनच पुढे जावं लागतं. अशा वर्गात एका शिक्षकाला सगळीकडे पुरं पडता येत नाही, म्हणून आणखी माणसं हवीत. असिस्टंटची गरज शिकवण्याच्या पद्धतीतूनच निर्माण झाली, हे नीट लक्षात घ्यायला हवं. व्याख्यान तसंच ठेवून हाताशी चार विद्यार्थी दिले तर ते हजेरी घेतील आणि कागद वाटतील.

पाच बल्ब

वर्गात काय चालतं ते जवळून पाहायचं तर मॅकडर्मट आणि शॅफर यांचा एक प्रसिद्ध प्रश्न घेऊ. सगळे बल्ब सारखे, सगळ्या बॅटऱ्या सारख्या आणि आदर्श, म्हणजे कितीही बल्ब जोडले तरी टोकांमधलं विभवांतर न घसरणाऱ्या. पहिल्या परिपथात एकच बल्ब, 'अ'. दुसऱ्यात 'ब' आणि 'क' एकसर जोडणीत. तिसऱ्यात 'ड' आणि 'ई' समांतर जोडणीत. प्रकाशमानतेनुसार क्रम लावा. उत्तर असं: अ, ड आणि ई सारखेच प्रखर, तर ब आणि क एकमेकांइतकेच, पण त्या तिघांपेक्षा मंद. कसलंही गणित नाही. तरीही विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच हा क्रम बरोबर लावता आला, असं या दोघांनी १९९२ साली नोंदवलं. तो विषय व्याख्यानात शिकवून झाल्यावरही आकडा फारसा हलत नव्हता.

चुकीची उत्तरं मात्र विस्कळीत नसतात. 'ब' हा 'क'पेक्षा प्रखर, कारण विद्युतधारा आधी 'ब'मध्ये पोचते आणि तिथे थोडी खर्च होते. 'ड' आणि 'ई' मंद, कारण बॅटरीतून ठरावीक धारा निघते आणि ती दोघांत वाटली जाते. या दोन्ही कल्पनांना स्वतःचं तर्कशास्त्र आहे. ओहमचा नियम घडाघडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनातही त्या सुखाने नांदतात.

आता कल्पना करू की एका गटात कोणीतरी ठामपणे म्हणालं, "ब जास्त पेटणार, तो बॅटरीच्या जवळ आहे." असिस्टंट शेजारी उभा आहे. गेल्याच वर्षी तो याच बाकावर बसला होता आणि त्याला उत्तर येतं. सगळं अंग सांगत असतं की समजावून टाक. दोन मिनिटांत होईल, गट खूश होईल, आभारही मानेल. इथे त्याने विचारायचं असतं, "बॅटरी उलटी लावली तर?" किंवा "ब आणि क यांची अदलाबदल केली तर?" आणि मग थांबायचं असतं. गट जोडणी करतो, दोन्ही बल्ब सारखेच पेटलेले पाहतो, बॅटरी उलटी करूनही तेच पाहतो, आणि धारा वाटेत खर्च होते ही कल्पना त्यांच्याच हातून मोडते.

पुढचा टप्पा अवघड आहे. समांतर जोडणीत 'ई' काढला तर 'ड'चं काय होईल? आदर्श बॅटरी असेल तर काहीच नाही. पण वर्गातली बॅटरी आदर्श नसते. ती जुनी असेल तर तिच्या अंतर्गत रोधामुळे दोन बल्ब समांतर जोडल्यावर टोकांमधलं विभवांतर घसरतं आणि 'ड' खरोखरच 'अ'पेक्षा किंचित मंद दिसतो. मग विद्यार्थी म्हणतो, "बघा, मी म्हणत होतो ना, धारा वाटली जाते!" डोळ्यांसमोर पुरावा त्याच्या बाजूने आहे. विषय अर्धवट येणारा असिस्टंट इथे गडबडतो. फक्त विषय येणारा असिस्टंट अंतर्गत रोधावर भाषण देतो आणि गट गप्प होतो. आदल्या बैठकीत हीच जोडणी करून पाहिलेला, आणि परिसंवादात विद्यार्थ्याच्या कल्पनेचा आदर कसा ठेवायचा यावर बोललेला असिस्टंट म्हणू शकतो, "बरोबर पाहिलंस, थोडा मंद आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे धारा दोघांत निम्मी-निम्मी झाली असती, तर 'ब' आणि 'क'इतका मंद दिसायला हवा होता का? शेजारी ठेवून बघू या." आता विद्यार्थी स्वतःच्याच भाकिताची तुलना करायला लागतो.

शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली ज्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं ते हेच. विषय माहीत असणं वेगळं, शिकवण्याच्या युक्त्या माहीत असणं वेगळं, आणि हा विशिष्ट विषय शिकताना माणूस नेमका कुठे आणि का अडतो हे माहीत असणं ही तिसरीच गोष्ट. आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'आशययुक्त अध्यापन' या नावाने जे शिकवतात त्याचं मर्म इथे एका जुन्या बॅटरीत सापडतं. पुस्तकात वाचून ते येत नाही, कारण पुस्तकातली बॅटरी नेहमी आदर्श असते.

परिसंवादात काय होतं

परिसंवादातले विषय ऐकायला साधे आहेत: प्रश्न कसा विचारावा, विद्यार्थ्याच्या बोलण्यातली कल्पना कशी ऐकावी, गट एकाच्या ताब्यात जाऊ नये म्हणून काय करावं, मुलं स्वतःच्या विचारांकडे कसं पाहतात. यातला प्रतीक्षाकाळाचा विषय घ्या. मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातल्या संशोधनानुसार शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, त्यात कारणं येऊ लागतात, "माहीत नाही" कमी होतं. हे कोणत्याही भावी शिक्षकाला अर्ध्या तासात शिकवता येईल आणि परीक्षेत विचारताही येईल. पण सोमवारी वाचलं आणि बुधवारी खऱ्या गटासमोर तीन सेकंद थांबून पाहिलं की कळतं, ते तीन सेकंद किती जड असतात. आपण अडाणी दिसतोय असं वाटतं. मग पुढच्या परिसंवादात तोच अनुभव घेऊन आलेले इतर विषयांतले असिस्टंट भेटतात. रसायनशास्त्राचा असिस्टंट आणि गणिताची असिस्टंट एकच अडचण वेगळ्या आशयात सांगतात तेव्हा त्यातला शिकवण्याचा भाग उजेडात येतो.

इथे सूक्ष्म अध्यापनाशी तुलना करायला हवी. ती पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि जगभर पसरली. एकेक कौशल्य सुटं करून, थोड्या वेळात, छोट्या गटापुढे सरावायचं, ही कल्पना चांगलीच आहे. पण अनेक ठिकाणी त्या गटात विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायी छात्राध्यापकच बसतात. त्यांना उत्तर येत असतं. ते चुकीचं उत्तर दिल्याचं नाटक करतात आणि पाठ टाचणात ठरल्याप्रमाणे बरोबर वेळी त्यांना 'समजतं'. प्रश्नकौशल्याचा सराव होतो, पण ऐकण्याचा होत नाही, कारण ऐकण्यासारखं अनपेक्षित काही समोरून येतच नाही. बोल्डरमध्ये समोर बसलेल्याला उत्तर खरोखर माहीत नसतं. माझ्या मते या प्रारूपातली सर्वांत मोठी ताकद इथे आहे.

विद्यार्थी-नेता कोणत्या अर्थाने?

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे प्रयोग याआधीही झाले. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी आवारात १९७३ साली डीअ‍ॅना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं. त्यात पाठ्यक्रम आधी पूर्ण केलेला विद्यार्थी पुन्हा व्याख्यानांना बसतो आणि नंतर स्वेच्छेने येणाऱ्यांचं अभ्यासवर्ग घेतो. तिथला एक विचार मला फार आवडतो: अवघड म्हणून ओळखायचं ते पाठ्यक्रमाला, विद्यार्थ्याला नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्रासाठी १९९०च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत तर शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना सरळ 'लीडर'च म्हणतात.

बोल्डरचा असिस्टंट या मालिकेतलाच. निवडून आलेला प्रतिनिधी होणं, कार्यक्रम आखणं, मंचावर बोलणं हे नेतृत्व आहेच. इथे वेगळी गोष्ट शिकायला मिळते: आपल्याला उत्तर माहीत असताना दुसऱ्यांना ते शोधू देणं, गटात न बोलणाऱ्याला जागा करून देणं, आणि वर्गातल्या अडचणी प्राध्यापकांपर्यंत नेणं. साप्ताहिक बैठकीत असिस्टंट सांगतो की अमुक प्रश्नाची भाषाच कोणाला कळली नाही, आणि प्राध्यापक ती बदलतात. अशा बैठकांनी प्राध्यापकांनाही बदलावं, विभागाची संस्कृती बदलावी, हे या उपक्रमाचं सुरुवातीपासूनचं जाहीर उद्दिष्ट आहे. गुण देण्याचा अधिकार नसणं इथे उपयोगी पडतं. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यासमोर "मला मुळातच कळलेलं नाही" असं म्हणायला धीर लागतो.

हाती काय आलं

पुरावा तीन थरांचा आहे आणि तिन्ही थर सारखे भक्कम नाहीत.

वर्गातल्या विद्यार्थ्यांचं पाहू. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६,५४२ विद्यार्थ्यांच्या, भौतिकशास्त्राच्या ६२ पाठ्यक्रमांतली माहिती एकत्र केली होती. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं शेवटी किती आलं, हे मोजलं तर पारंपरिक व्याख्यानवर्गात सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गात ०.४८. म्हणजे पद्धत बदलल्याने फरक पडतो, हे बोल्डरच्या आधीच ठाऊक होतं. पोलॉक आणि फिंकलस्टाइन यांनी दाखवलं ते असं, की वॉशिंग्टन विद्यापीठात त्या कृतिपत्रिकांना मिळालेलं यश दुसऱ्या विद्यापीठातही मिळवता येतं. पुढे २०१८ साली ओटेरो आणि सहकाऱ्यांनी बोल्डरच्याच नोंदींवरून मांडलं की असिस्टंट असलेला पाठ्यक्रम केलेल्या विद्यार्थ्यांत सुरुवातीच्या विज्ञान पाठ्यक्रमांत नापास होण्याचा संभव, शक्याशक्यतेच्या गुणोत्तरात (नापास होण्याची शक्यता भागिले न होण्याची) मोजला तर, मुलांमध्ये ६३ आणि मुलींमध्ये ५५ टक्क्यांनी कमी दिसतो. हे गुणोत्तर आहे. शंभर नापासांतले त्रेसष्ट वाचले, असा त्याचा अर्थ घेऊ नये. शिवाय विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते. ज्या विभागाने असिस्टंट आणले त्याने बहुधा शिकवण्याकडेही जास्त लक्ष दिलं असणार, आणि हे दोन परिणाम वेगळे काढणं कठीण.

दुसरा थर असिस्टंटच्या स्वतःच्या शिकण्याचा. पोलॉक यांनी विद्यार्थ्यांचा पुढच्या वर्षांतही मागोवा घेतला, तेव्हा ज्यांनी तो आशय इतरांना शिकवला होता त्यांची विद्युत-चुंबकत्वाची समज विशेष चांगली दिसली. इथेही निवड आधीच चांगल्या विद्यार्थ्यांची झालेली असते, हे विसरून चालणार नाही.

तिसरा थर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारा ग्रे, डेव्हिड वेब आणि ओटेरो यांनी २०१६ साली शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गांचं निरीक्षण मांडलं. आधी असिस्टंट राहिलेले शिक्षक आणि तशी संधी न मिळालेले शिक्षक यांची तुलना केली, तर पहिल्या गटाचं अध्यापन जास्त विद्यार्थिकेंद्री दिसलं. महाविद्यालयातल्या एखाद्या अभ्यासक्रमाचा माग शाळेच्या वर्गापर्यंत काढणं हे कष्टाचं काम आहे आणि फार कमी ठिकाणी होतं.

आणि शिक्षकसंख्या? इथे ती मघाची गोष्ट येते. शिक्षक होण्याची अट नसल्यामुळे असे विद्यार्थी आत येतात ज्यांनी शिकवण्याचा विचारही केलेला नसतो. एका सत्रात त्यांना कळतं की एखाद्याच्या चुकीच्या उत्तरामागचा विचार शोधणं हे बुद्धीला आव्हान देणारं काम आहे. त्यातले काही वळतात. वळणाऱ्यांना विज्ञानाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या नॉइस शिष्यवृत्तीचा आधार मिळू शकतो. तिच्या बदल्यात गरजू जिल्ह्यांतल्या शाळांत काही वर्षं शिकवावं लागतं. जे वळत नाहीत ते संशोधक होतात, अभियंते होतात, काही प्राध्यापक होतात, आणि तिथे त्यांचा हा अनुभव वाया जात नाही. भावी शिक्षकांसाठी वेगळी खोली, विद्यार्थी-नेत्यांसाठी वेगळं शिबिर अशी विभागणी केली असती तर हा संगम झालाच नसता.

जिथे मी साशंक आहे

पैशाचा प्रश्न खरा आहे. सुरुवातीला नॅशनल सायन्स फाउंडेशनसारख्या संस्थांचा निधी होता. निधी संपल्यावर मानधन कोणाच्या अंदाजपत्रकात बसवायचं, हा प्रश्न प्रत्येक अनुकरण करणाऱ्या संस्थेसमोर उभा राहतो. मानधन काढून ते काम निव्वळ श्रेयांकांवर भागवण्याचा मोह होईल. तसं केल्यास ज्यांना शिकता शिकता कमवावं लागतं ते विद्यार्थी पहिल्याच झटक्यात बाहेर पडतील, आणि शिक्षक म्हणून ज्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्यांत हेच विद्यार्थी असतात.

माझी दुसरी शंका परिसंवाद पहिल्याच सत्रापुरता असण्याबद्दल आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण पहिल्या सत्रात असिस्टंटची सगळी शक्ती समजावून न सांगण्यात खर्च होते. दुसऱ्या सत्रात तो स्थिरावतो, आणि एकाच वर्गातल्या दोन गटांना दोन वेगळे प्रश्न का विचारावेत, अशा बारीक गोष्टींकडे बघायला मोकळा होतो. नेमक्या त्याच वेळी त्याच्या हातून चर्चेची जागा जाते. आशयाची बैठक चालू राहते, वर्ग चालू राहतो, पण अध्यापनाबद्दल लिहायला आणि बोलायला भाग पाडणारं कोणी उरत नाही. कोणी हे प्रारूप नव्याने उभारत असेल तर दुसऱ्या सत्रातल्या असिस्टंटसाठी महिन्यातून दोनदा का होईना, पण परिसंवाद ठेवावा, आणि नव्या असिस्टंटच्या वर्गात बसून निरीक्षण करण्याचं व नंतर त्याच्याशी बोलण्याचं काम त्यांच्याकडे द्यावं, असं मला आग्रहाने वाटतं. त्यासाठी लागणारे तास गटांच्या वेळेतून न कापता साप्ताहिक दहा तासांच्या हिशेबात आधीच धरावेत आणि त्यांचं मानधनही द्यावं.